ताडोब्याची वाघीण आणि जीवसृष्टीची पोथी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतून एका वाघिणीची बातमी रोज येत असे. ताडोब्याच्या अरण्यातून ओडिशातील सिमिलिपाल येथे नेलेली 'झीनत' नावाची ही तरुण वाघीण नव्या घरी रमली नाही. ती सीमा ओलांडून झारखंडात शिरली, तेथून पश्चिम बंगालमध्ये गेली, आणि कित्येक दिवस तिने वनखात्याच्या माणसांना डोंगरदऱ्यांतून आपल्या मागे फिरविले. शेवटी २९ डिसेंबर रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला गुंगीचे औषध देऊन पकडण्यात आले व पुन्हा सिमिलिपालला पोहोचविण्यात आले.

ही बातमी वर्गात निघाली तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न विचारला, "सर, ओडिशात वाघ आहेतच. मग आपल्या चंद्रपूरकडची वाघीण इतक्या लांब न्यायची कशाला?" आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांचे आजोळ विदर्भात आहे, तेव्हा 'आपल्या चंद्रपूरकडची' हे शब्द त्याच्या तोंडी सहज आले. प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत मावण्यासारखे नव्हते. ते उत्तर जीनोमविज्ञान नावाच्या एका नव्या शास्त्रात आहे. म्हणून ह्या वार्षिकाच्या निमित्ताने ते सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रत्येक पेशीत एक पोथी

कोणत्याही सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकलो आहोत. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात, आणि ह्या गुणसूत्रांत डी. एन. ए. नावाच्या रसायनाचा अतिशय लांब व बारीक धागा गुंडाळलेला असतो. १९५३ साली वॉटसन व क्रिक ह्या शास्त्रज्ञांनी, रोझलिंड फ्रँकलिन ह्या विदुषीने घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेऊन, ह्या धाग्याची रचना उलगडली. दोन पेडांची ही दोरी पीळ घातलेल्या शिडीसारखी असून तिच्या पायऱ्या केवळ चार घटकांच्या बनलेल्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी आणि सी अशी नावे देतात.

चार अक्षरांची ही लिपी आहे असे समजा. आपल्या मराठीच्या वर्णमालेत किती तरी अधिक अक्षरे आहेत. निसर्गाने मात्र चारांवरच भागविले आणि त्यांत वड, वाघ, बेडूक व मनुष्य असे सारे ग्रंथ लिहून काढले. एखाद्या जीवाचा हा संपूर्ण ग्रंथ म्हणजे त्याचा जीनोम होय. मनुष्याच्या जीनोमात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, वाघाच्या जीनोमात सुमारे २४० कोटी. एका पानावर दोन हजार अक्षरे आणि एका पुस्तकात तीनशे पाने धरली, तर वाघाचा ग्रंथ लिहावयास चार हजार पुस्तके लागतील. ह्या अफाट ग्रंथातील ज्या लहान लहान परिच्छेदांत शरीराच्या एकेका कार्याच्या सूचना असतात, त्यांस जनुक म्हणतात.

ही लिपी वाचण्याची एक सोयीची रीत फ्रेडरिक सँगर ह्यांनी १९७७ साली शोधून काढली. पुढे १९९० साली मनुष्याचा संपूर्ण ग्रंथ वाचण्याचा प्रकल्प सुरू झाला व तो २००३ साली पुरा झाला. म्हणजे पहिल्या वाचनास तेरा वर्षे लागली. त्यानंतर यंत्रे इतकी वेगवान झाली की आज तेच काम काही दिवसांत होते आणि खर्चही पूर्वीच्या मानाने अत्यल्प येतो. ह्यामुळेच रानावनातील पशुपक्षी व वनस्पती ह्यांच्या पोथ्या उघडणे शक्य झाले. वाघाच्या जीनोमाचे वाचन २०१३ साली प्रसिद्ध झाले.

दोन प्रती कशासाठी

आता मुख्य गोष्टीकडे वळू. प्रत्येक जीवाला आपल्या पोथीच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. पूर्वी छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथ हाताने उतरवून घेत. लेखनिक कितीही दक्ष असला तरी नक्कल करताना एखादे अक्षर चुके. तसेच येथेही घडते. पिढी दर पिढी नक्कल होताना काही अक्षरे बदलतात. पुष्कळ बदल निरुपद्रवी असतात, काही उपयोगी ठरतात, आणि काही मात्र घातक असतात.

घातक चूक एका प्रतीत असली तरी सहसा बिघडत नाही. दुसऱ्या प्रतीत तोच परिच्छेद शुद्ध असतो आणि शरीर त्यावरून काम चालविते. परंतु समजा, दोन्ही प्रती एकाच जुन्या अशुद्ध पोथीवरून उतरविलेल्या असल्या तर? मग दोन्हींत तीच चूक त्याच ठिकाणी येईल आणि शुद्ध पाठ पाहण्यास दुसरी जागाच उरणार नाही. आई व वडील एकमेकांचे अगदी जवळचे नातलग असले म्हणजे नेमके हेच होते. विस्तीर्ण अरण्यात वाघाला दूरची वाघीण भेटते. अरण्याचे लहान लहान तुकडे झाले, त्यांच्यामध्ये शेते, रस्ते, खाणी व गावे आली, की एका तुकड्यातील प्राणी काही पिढ्यांनी परस्परांचे भाऊबंदच बनतात. त्यांना दुसरा जोडीदार मिळणार कोठून?

ह्याचा परिणाम किती दारुण होतो ते अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात दिसून आले. तेथील दलदलीच्या जंगलात प्यूमा जातीचे मोठे मांजर राहते. त्याला तेथील लोक फ्लॉरिडा पँथर म्हणतात. १९९० च्या सुमारास ह्या पँथरांची संख्या वीस-तीसवर येऊन ठेपली. उरलेल्या प्राण्यांच्या शेपट्या टोकाशी वाकड्या होत्या, कित्येकांच्या हृदयात जन्मतः दोष होता, आणि नरांच्या ठिकाणी प्रजोत्पादनाची शक्ती क्षीण झाली होती. शिकार थांबली होती, कायद्याचे संरक्षणही होते, तरी जात आतून खचत चालली होती. तेव्हा १९९५ साली टेक्सास प्रांतातून आठ प्यूमा माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या. त्यांपैकी पाच माद्यांना पिल्ले झाली. पुढील काही वर्षांत पँथरांची संख्या तिपटीच्या घरात गेली, आणि नव्या पिढीत ते जुने दोष पुष्कळ कमी आढळले. पाहुण्या माद्यांनी शुद्ध पाठाची दुसरी प्रत आणून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

सिमिलिपालचे काळे वाघ

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात सिमिलिपालचे दाट अरण्य आहे. तेथील काही वाघ पाहणाऱ्यास काळे वाटतात. वास्तविक ते सर्वस्वी काळे नसतात. त्यांच्या अंगावरील काळे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळतात की मधला पिवळा रंग थोडासाच शिल्लक राहतो. असे वाघ इतरत्र रानात दिसत नाहीत. म्हणून हे अद्भुत पाहण्यास लोक उत्सुक असतात, आणि ते स्वाभाविकही आहे.

बंगळूर येथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस ह्या संस्थेतील उमा रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या रंगाचे कारण शोधण्याचे ठरविले. प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या काळ्या वाघांच्या व त्यांच्या आप्तांच्या पोथ्या त्यांनी ओळीओळीने ताडून पाहिल्या. २०२१ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. 'टॅकपेप' नावाच्या जनुकात एका ठिकाणी सी ह्या अक्षराऐवजी टी हे अक्षर पडले आहे, आणि ज्या वाघाच्या दोन्ही प्रतींत हा बदल असतो तोच काळा होतो! सुमारे २४० कोटी अक्षरांतील एका अक्षराने वाघाचे रूप बदलले. गंमत अशी की घरातल्या ज्या मांजरांच्या अंगावर पट्ट्यांऐवजी मोठी वळसेदार नक्षी असते, तिचे कारणही ह्याच जनुकातील बदल आहेत.

परंतु संशोधकांना रंगापेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. सिमिलिपालमध्ये तीनातील एकाहून अधिक, म्हणजे शेकडा सदतीस वाघ काळे निघाले. देशातील इतर अरण्यांतील वाघांत मात्र हा बदल सापडला नाही. सापडला तो ज्यांचे पूर्वज सिमिलिपालच्या रानातले होते अशा प्राणिसंग्रहालयातील वाघांतच. इतका दुर्मीळ बदल एका ठिकाणी इतका वाढावा ह्याचा अर्थ काय? त्याचा अर्थ असा की तेथील वाघ अगदी थोड्या पूर्वजांपासून वाढले आहेत, शेकडो किलोमीटर पलीकडच्या दुसऱ्या वाघांशी त्यांचा संबंध तुटला आहे, आणि ते आपापसांतच जोडीदार निवडीत आहेत. काळा रंग हा स्वतः रोग आहे असे सिद्ध झालेले नाही. तथापि ज्या वाटेने हे एक निरुपद्रवी अक्षर पसरले त्याच वाटेने घातक अक्षरेही पसरू शकतात, आणि ती अंगावर पट्ट्यांसारखी दिसत नाहीत. ज्या अद्भुताचे आपण कौतुक करीत होतो ते एका एकाकी पडलेल्या कुटुंबाचे लक्षण होते.

म्हणून फ्लॉरिडाप्रमाणे येथेही बाहेरून माद्या आणण्याचे ठरले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातून 'जमुना' नावाची वाघीण सिमिलिपालला नेण्यात आली व नोव्हेंबरात तिच्यामागून झीनत गेली. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते स्थापन झाले, आणि आज तेथे वाघांची वाढ इतकी चांगली आहे की दोन लेकी परप्रांती देणे त्याला जड नाही. झीनत पळाली ह्याचे आता आश्चर्य वाटू नये. सासरी गेलेल्या मुलीलाही घर ओळखीचे होण्यास दिवस लागतात. मग वाघिणीने नव्या मुलखाची वेस शोधीत तीन राज्ये पालथी घातली तर तिला बोल कसा लावावा?

वाघ न पाहता वाघाची ओळख

येथे कोणी विचारील की रानातल्या वाघाची पोथी हाती येते कशी? प्रत्येक वाघाला पकडून रक्त काढणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्याची गरजही नाही. वाघाने वाटेवर टाकलेली विष्ठा, झाडाच्या सालीला अडकलेले केस, शिकारीवर राहिलेली लाळ, ह्या सर्वांत त्याच्या थोड्याफार पेशी असतात. वनरक्षक व संशोधक असे नमुने काळजीपूर्वक उचलतात, त्यावर जागा व तारीख लिहितात आणि प्रयोगशाळेत पाठवितात. तेथे डी. एन. ए. च्या लहानशा तुकड्याच्या लक्षावधी नकला करून तो वाचण्याजोगा केला जातो. नकला करण्याची ही युक्ती कॅरी मुलिस ह्यांनी १९८३ साली शोधली. ह्या रीतीने नमुना कोणत्या प्राण्याचा, नराचा की मादीचा, आणि दोन नमुने एकाच वाघाचे आहेत की दोघांचे, हे सारे प्रत्यक्ष वाघ न पाहता कळते.

ह्याच पद्धतीने मध्य भारतातील सातपुडा, मेळघाट, पेंच व कान्हा ह्या चार व्याघ्रक्षेत्रांतील वाघांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या क्षेत्रांमध्ये जंगलाची सलग पट्टी टिकून आहे, त्यांच्यातील वाघांचे नातेसंबंध पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले आहेत, असे त्यातून दिसले. म्हणजे नकाशावर जी पट्टी आपणांस ओसाड झुडपांची वाटते, ती वाघांच्या दृष्टीने दोन गावांमधील सोयरिकीची वाट असते. ती तुटली की दोन्ही गावे सिमिलिपालसारखी होण्याचा धोका असतो.

ह्या ज्ञानाचा उपयोग कसा होतो ते आपणांस एका परिचित रस्त्यावर पाहता येते. आपल्या हैदराबादवरून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूर सोडल्यावर पेंचच्या जंगलातून जातो. हा रस्ता रुंद करावयाचा होता. पेंच व कान्हा ह्यांमधील वाट त्याखाली गाडली जाणार, म्हणून पुष्कळ वर्षे वाद चालला व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतील भागात रस्ता ठिकठिकाणी उंच उचलून खालून जनावरांसाठी नऊ वाटा ठेवण्यात आल्या. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुकरे, रानकुत्रे आणि वाघही त्या वाटांनी ये-जा करताना टिपले गेले आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत ह्या मार्गाने आजोळी जाताना आमच्या विद्यार्थ्यांनी खिडकीतून तो उंच रस्ता अवश्य पाहावा, आणि आपल्या चाकांखालून कदाचित एखादा वाघ सोयरिकीस निघाला असेल हे ध्यानी धरावे.

चोर पकडणारी अक्षरे

हैदराबादचा उल्लेख आला आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या ह्याच शहरात पेशी व रेणू ह्यांचा अभ्यास करणारी सी. सी. एम. बी. ही राष्ट्रीय संस्था आहे. लालजी सिंग हे तिचे एक प्रमुख शास्त्रज्ञ होते. त्यांच्या पुढाकाराने धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठी अत्तापूर येथे एक स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. तिला लॅकोन्स असे संक्षिप्त नाव आहे.

वन्यप्राण्यांची चोरटी शिकार करणारे लोक पकडले गेले तरी पूर्वी सुटत. जप्त केलेले मांस शिजविलेले असे, कातड्याचे तुकडे झालेले असत, हाडांचे चूर्ण केलेले असे. 'हे बकऱ्याचे मांस आहे' असे आरोपीने म्हटले तर न्यायाधीशापुढे ते खोटे कसे पाडावयाचे? ह्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी अशी एक कसोटी तयार केली की तिने निरनिराळ्या जातींच्या प्राण्यांच्या डी. एन. ए. चा एक ठराविक तुकडा वाचता येतो. त्या तुकड्यातील अक्षरांचा क्रम प्रत्येक जातीत वेगळा असल्याने मांस बकऱ्याचे की काळविटाचे हे निश्चित सांगता येते. मांस शिजले तरी त्यातील काही अक्षरे शाबूत राहतात, आणि अक्षरे खोटी साक्ष देत नाहीत.

हस्तिदंताच्या बाबतीत तर ह्याहून पुढची मजल गाठली गेली. अमेरिकेतील सॅम्युएल वॉसर ह्यांनी आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतील हत्तींची विष्ठा गोळा करून अक्षरांचा एक नकाशाच तयार केला. मग बंदरांत पकडलेल्या हस्तिदंताचे नमुने त्या नकाशाशी ताडून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की अलीकडच्या मोठ्या साठ्यांतील बहुतेक दंत केवळ दोन प्रदेशांतून आले होते. एक पूर्व आफ्रिकेतील टांझानिया व त्याला लागून असलेला मोझांबिकचा भाग, दुसरा मध्य आफ्रिकेतील गॅबन व काँगो ह्यांच्या सीमेवरील अरण्य. संपूर्ण खंडावर पहारा ठेवणे कोणालाच शक्य नाही. दोन ठिकाणी मात्र तो कडक करता येतो.

वृक्षांचीही पोथी असते

जनावरांच्या ह्या कथांत वनस्पतींचा विसर पडू नये. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या वायव्येस असलेल्या एका राष्ट्रीय उद्यानातील खोल दरीत १९९४ साली एका वनरक्षकाला अपरिचित उंच वृक्ष दिसले. तपासाअंती कळले की ज्या घराण्याचे वृक्ष फार पुरातन काळच्या अश्मीभूत अवशेषांतूनच ठाऊक होते, त्याचा हा जिवंत वारस आहे. त्याला वॉलेमी पाइन हे नाव मिळाले. रानात त्याची पूर्ण वाढलेली शंभर झाडेही नाहीत. त्यांची पोथी वाचली तेव्हा ती सर्व जवळजवळ सारखी निघाली, जणू एकाच मूळ प्रतीच्या नकला. ह्याचा अर्थ असा की एका झाडाला जो रोग मारील तो सर्वांना मारू शकेल. मुळे कुजविणारी एक सूक्ष्म कीड त्या दरीत माणसांच्या बुटांच्या मातीतून पोहोचलीही आहे. म्हणून त्या जागेचे ठिकाण गुप्त ठेवले आहे, आणि २०१९-२० च्या भयंकर वणव्यांत विमानांतून पाणी ओतून ही झाडे वाचविण्यात आली. शिवाय त्यांची रोपे जगभरच्या उद्यानांतून लाविली आहेत.

युरोपात ॲश नावाच्या वृक्षाची कथा थोडी आशादायक आहे. एका परक्या बुरशीने ह्या वृक्षांची वने वाळत चालली आहेत. ब्रिटनमध्ये हा रोग २०१२ साली आढळला. तथापि रोगट वनातही काही झाडे हिरवी राहतात. ती कशाच्या बळावर? २०१६ साली ॲशच्या जीनोमाचे वाचन प्रसिद्ध झाले, आणि २०१९ साली बाराशेहून अधिक झाडांच्या अक्षरांची तुलना करून निरोगी झाडांत कोणती अक्षरे वरचेवर येतात हे शोधण्यात आले. आता रोप लहान असतानाच त्याची पोथी पाहून ते पुढे टिकेल काय ह्याचा अदमास बांधता येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. आपला शेतकरी बियाण्यासाठी उत्तम कणसे निवडून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार होय. फरक इतकाच की येथे कणीस धरण्याची वाट पाहावी लागत नाही.

शीतपेटीतील ठेव

अमेरिकेतील मैदानांत काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा एक लहान शिकारी प्राणी असतो. तो नामशेष झाला असे सर्वांनी धरले होते. १९८१ साली वायोमिंग प्रांतात एका पाळीव कुत्र्याने असा एक मृत प्राणी घरी आणला, आणि त्यावरून एक लहानशी वसाहत सापडली. रोगाने तीही मरू लागली तेव्हा उरलेले अठरा प्राणी पकडून जपण्यात आले. त्यांपैकी फक्त सात जणांचा वंश पुढे चालला. आजचे जवळजवळ सर्व फेरेट त्या सातांचीच प्रजा आहेत.

ज्यांचा वंश चालला नाही त्यांत विला नावाची एक मादी होती. ती १९८८ साली मेली. परंतु कोणा दूरदर्शी माणसाने तिच्या कातडीच्या पेशी सॅन दिएगो येथील गोठवलेल्या पेशींच्या संग्रहालयात ठेवून दिल्या. पुढे त्या पेशींचा जीनोम वाचला तेव्हा आजच्या फेरेटांत न उरलेली विविधता त्यात विपुल आढळली. १० डिसेंबर २०२० रोजी त्या पेशींपासून, पाळीव फेरेट मादीच्या उदरातून, विलाची हुबेहूब प्रतिमूर्ती जन्मास आली. तिचे नाव एलिझाबेथ ॲन. तिला स्वतःला पिल्ले होऊ शकली नाहीत. तथापि त्याच पेशींपासून जन्मलेल्या अँटोनिया नावाच्या दुसऱ्या मादीला २०२४ साली पिल्ले झाली. छत्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या मादीचा वंश अशा रीतीने पुन्हा चालू झाला. आजीने कणगीच्या तळाशी जपून ठेवलेले बी दुष्काळानंतर उपयोगी पडावे, तसे हे झाले.

शास्त्राची मर्यादा

इतके वाचून कोणास असे वाटेल की आता चिंता नाही. शीतपेट्या भरून ठेवाव्यात आणि जंगले खुशाल तोडावीत. हा समज फार घातक आहे, आणि तो खोटा असल्याची साक्ष ह्याच शास्त्राने दिली आहे.

मेक्सिकोच्या पश्चिमेकडील कॅलिफोर्नियाच्या आखातात व्हाकिटा नावाचा लहान सागरी सस्तन प्राणी आहे. १९९७ साली तो सहाशेच्या आसपास होता. आता सुमारे दहाच उरले आहेत. कोळी दुसऱ्या माशांसाठी जी उभी जाळी लावतात त्यांत अडकून तो गुदमरतो. काही लोक म्हणू लागले, 'इतके थोडे उरल्यावर त्यांचे रक्तच बिघडले असणार. आता जाळी थांबवून काय उपयोग?' संशोधकांनी १९८५ पासून जपून ठेवलेल्या वीस व्हाकिटांच्या नमुन्यांचे जीनोम वाचले व २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा प्राणी हजारो वर्षे थोड्या संख्येनेच राहत आला आहे, त्यामुळे त्याच्या पोथीतील घातक चुका पूर्वीच बऱ्याचशा गळून गेल्या आहेत. जाळ्यांतील मृत्यू अजिबात थांबले तर तो नष्ट होण्याचा संभव शेकडा सहा इतकाच आहे. परंतु ते मृत्यू शेकडा ऐंशीनेच कमी केले, म्हणजे थोडी जाळी चालू ठेवली, तर तो संभव शेकडा बासष्टवर जातो.

ह्या आकड्यांचा बोध स्पष्ट आहे. व्हाकिटाच्या रक्तात दोष नाही. दोष जाळ्यात आहे, म्हणजे अखेर माणसाच्या निश्चयात आहे. जीनोमविज्ञान हे वैद्याने नाडी पाहण्यासारखे आहे. नाडी पाहिल्याने रोग कळतो, उपाय सुचतो. औषध घेण्याचे व पथ्य पाळण्याचे काम मात्र दुसऱ्यालाच करावे लागते.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ताडोब्याची वाघीण ओडिशाला नेली ती तेथे वाघ नाहीत म्हणून नव्हे; जे आहेत ते सारे एकाच घरचे आहेत म्हणून. तिला ट्रकातून न्यावे लागले, कारण तिच्या पणजीला जी वाट पायांनी चालता आली असती ती वाट मधल्या काळात माणसांनी मोडली. एक वाघीण वाहनातून नेता येते, दोन नेता येतात. देशातील प्रत्येक तुटलेल्या रानासाठी असे करणे कोणालाही परवडणारे नाही. ज्या वाटा अजून शाबूत आहेत त्या मोडू न देणे हेच सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचे औषध आहे.

ज्या मुलाने हा प्रश्न विचारला तो पुढे शास्त्रज्ञ होईल, अभियंता होईल, की आणखी काही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु एखाद्या दिवशी रस्त्याचा किंवा धरणाचा नकाशा त्याच्यापुढे येईल, आणि दोन हिरव्या ठिपक्यांमधली पुसट रेघ खोडावी की ठेवावी हे त्याला ठरवावे लागेल. त्या वेळी त्याला ताडोब्याची झीनत आठवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.